बद्द वाजतंय

आमच्या घरात कुठलीही वस्तू वाजवून घेतल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. हा सासूबाईंचा नियम. माठ, नारळ, कलिंगड, लोखंडी कपाट, कपबशी, सगळ्यांना तो लागू. लग्नानंतर पहिल्यांदा त्या मला भांडी बाजारात घेऊन गेल्या, तेव्हा तांब्याचा हंडा घ्यायचा होता. दुकानदाराने हंडा पुढे ठेवला, वजन सांगितलं, भाव सांगितला, आपल्या तीन पिढ्यांच्या सचोटीचा हवाला दिला. सासूबाईंनी यातलं काहीही ऐकलं नाही. मधल्या बोटाचं पेर वाकवून हंड्याच्या काठावर एकदा टक् केलं, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "बद्द आहे. दुसरा दाखवा." असे पाच हंडे झाले. सहावा असा वाजला की शेजारच्या सराफ बाजारातली गिऱ्हाइकं वळून बघतील असं मला वाटलं. तो घेतला. घरी येताना रिक्षात त्यांनी मला एवढंच सांगितलं, "माणूस खोटं बोलतो, भांडं बोलत नाही."

नाशिककरांचं मोजमाप हे असंच. धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं ते बातम्यांत सांगतात ते सांगोत. आम्ही विचारतो, गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं? गुडघ्यापर्यंत आलं म्हणजे चहा पिऊन बघायला जायचं, कमरेपर्यंत आलं म्हणजे चहा न पिता जायचं आणि छातीपर्यंत आलं म्हणजे सराफ बाजारातल्या नातेवाइकांना फोन करायचा. आकड्यावर कुणाचा विश्वास नाही. डोळ्यांना दिसलं पाहिजे, नाहीतर कानाला कळलं पाहिजे.

अशा या घरात मागच्या जूनमध्ये चीनहून एक फळी आली.

'फळी' हा सासूबाईंचा शब्द. कन्येचा शब्द 'डेक'. म्हणजे स्केटबोर्डमधून चाकंबिकं सगळं काढून टाकल्यावर खाली जे लाकूड उरतं ते. दोन्ही टोकं वर वळलेली, मधे किंचित खोलगट, जेवायच्या पाटाला नावेची स्वप्नं पडावीत तसा आकार. कन्या तेव्हा तेरा वर्षांची. मैत्रिणीच्या भावाचा जुना बोर्ड वर्षभर घासून झाला होता आणि आता तिला 'स्वतःचा' हवा होता. मी नेहमीप्रमाणे अभ्यासाचा मुद्दा काढला. तिने नेहमीप्रमाणे पॅरिस काढलं. २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये स्केटबोर्डिंगची मुलींची दोन्ही सुवर्णपदकं चौदा वर्षांच्या मुलींनी नेली, एक जपानच्या कोको योशिझावाने आणि दुसरं ऑस्ट्रेलियाच्या अरिसा ट्रूने. आणि चीनची झेंग हाओहाओ तर अकराच वर्षांची होती. "म्हणजे मला आधीच उशीर झालाय," कन्या म्हणाली. तेराव्या वर्षी उशीर झालेला हा एकमेव खेळ असावा. माझ्या आईने मला तेराव्या वर्षी पोळ्या येत नाहीत म्हणून उशीर झाल्याचं सांगितलं होतं, तेवढाच काय तो अनुभव माझ्या गाठीशी.

मग किंमत कळली. अमेरिकेतल्या नामांकित कंपनीचा डेक तिकडेच साठ-सत्तर डॉलरला जातो. इथे पोचेपर्यंत त्याचं जे होतं ते ऐकून नवऱ्याने टीव्हीचा आवाज वाढवला. आणि हे नुसतं लाकूड. ट्रक वेगळे. "ट्रक कशाला?" सासूबाई दचकल्या. त्यांच्या डोळ्यांपुढे ट्रकांनी गजबजलेलं द्वारका सर्कल आलं असणार. ट्रक म्हणजे डेकच्या पोटाखाली चाकं जोडायचा धातूचा आस, आणि तो जुन्या बोर्डावरचा चालतो, असं कळल्यावर घरातलं वातावरण निवळलं. शेवटी तडजोड झाली. ट्रक जुने, चाकं जुनी, डेक नवा, पण स्वस्त. फोनवर शोधून शोधून १,४५० रुपयांचा एक सापडला. नाव भारदस्त होतं, 'प्रीमियम प्रो कॅनेडियन मेपल'. खाली, २०२० पासून नियमाने लिहावं लागतं म्हणून, मुंगीच्या अक्षरात लिहिलं होतं: उत्पादनाचा देश चीन. म्हणजे झाड कॅनडाचं, हात चीनचे आणि आपटणार आमच्या इंदिरानगरातल्या गल्लीत.

पार्सल रविवारी आलं. रविवारी आमच्याकडे माणसं असतात. त्यामुळे त्या फळीचं स्वागत झालं नाही, सुनावणी झाली.

पहिले पुढे आले ते भाऊजी, माझे मोठे दीर. नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त. ज्या गावात १९२८ पासून नोटा छापल्या जातात त्या गावात खरं-खोटं ओळखण्याचा एक मानबिंदू असतो, आणि आमच्या घराण्यात तो भाऊजींच्या खिशातल्या भिंगात आहे. भाऊजी नोट कधी समोरून बघत नाहीत. अंगठ्याने चोळतात, उजेडाकडे धरतात, कड बघतात. डेकचंही तेच केलं. उजेडाकडे धरला, तेव्हा मात्र स्वतःच ओशाळले आणि कडेवर आले. भिंगातून थर मोजले. सात. "थर सात आहेत. खरं," त्यांनी जाहीर केलं. मग मागचं चित्र बघितलं. एक ड्रॅगन होता, तोंडातून ज्वाळा निघत होत्या. "ज्वाळेचा लाल काळ्या रेघेबाहेर गेलाय. ठसा सरकलाय. आमच्याकडे हा शीट थेट नष्ट करायच्या ढिगात." शिवाय 'मेपल'मधलं शेवटचं अक्षर कारखान्यातच राहून गेलं होतं. भाऊजींच्या मते एवढ्यावर खटला संपला होता. बनावट.

"काका, चित्र आठ दिवसांत घासून जातं," कन्या म्हणाली.

"मग छापतात कशाला?"

या प्रश्नाला कन्येकडे उत्तर नव्हतं. मला वाटतं स्केटबोर्डच्या जगात कुणाकडेच नसावं.

दुसरे परीक्षक शेजारचे ओझरवाले काका. १९६४ मध्ये ओझरला मिग विमानांसाठी एचएएलचा कारखाना उभा राहिला. काकांचं उभं आयुष्य तिथे तपासणी खात्यात गेलं. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी व्हर्नियर कॅलिपर असतो आणि दोन्हींमध्ये त्यांचा पेनवर विश्वास कमी. ट्रक बसवायला डेकला आठ भोकं असतात, चार पुढे, चार मागे. प्रत्येक चौकडीचं माप जगभर ठरलेलं, ५४ बाय ४१ मिलीमीटरच्या आसपास. काकांनी आठही भोकं मोजली. सात बरोबर निघाली. आठवं अर्धा मिलीमीटर सरकलेलं.

"विमान असतं तर जमिनीवर बसवलं असतं," काका म्हणाले.

"पण काका, हे विमान नाही," मी म्हणाले.

"पोरगी चढणार ना ह्याच्यावर? मग विमानच."

डेकसोबत आठ बेअरिंग फुकट आली होती. डबीवर ठसठशीत लिहिलं होतं, 'एबेक ११'. ते वाचून काका इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. बेअरिंग किती अचूक आहे ते सांगणारी ही श्रेणी १, ३, ५, ७, ९ अशी जाते आणि ९ वर संपते. ११ म्हणजे दहावीला शंभरपैकी एकशे दहा. "कुठल्या तरी सेल्समनने घरी बसून दिलेत हे मार्क," काका म्हणाले. पण व्हर्नियर लावला तर बेअरिंगचं माप चोख, आतून ८, बाहेरून २२, जाडी ७. काका जरा नरमले. "माल वाईट नाही. बोलतात फार."

स्वस्त मालाबद्दल याहून न्याय्य वाक्य मी ऐकलेलं नाही.

या सगळ्या गदारोळात कन्येने मला डेक कसा बनतो ते समजावून सांगितलं, आणि कबूल करते की मला त्यात रस वाटला. मेपलचा ओंडका यंत्रावर फिरवत ठेवतात आणि पातं लावून त्याचा पातळ कागद सोलत जातात, जशी आपण पेन्सिल सोलतो. हा थर दीड-एक मिलीमीटरचा. असे सात थर गोंद लावून एकावर एक. बहुतेक थरांच्या शिरा उभ्या, पण मधले दोन आडवे घालतात, नाहीतर पहिल्याच उडीत फळीचे उभे दोन तुकडे व्हायचे. मग ही चळत साच्यात घालून प्रचंड दाबाखाली ठेवतात, आणि तिथे तिचं खोलगटपण आणि वळलेली टोकं तयार होतात. आता गंमत अशी की एका साच्यात एकच डेक दाबत नाहीत. तीन, चार, पाच, जेवढे बसतील तेवढे एकावर एक. त्यामुळे वरचा, मधला आणि खालचा यांच्या वळणात थोडा थोडा फरक पडतो.

"म्हणजे इडलीपात्र," मी म्हणाले.

"काय?"

"वरच्या ताटलीतल्या इडल्या फुगतात, खालच्या पाण्यात भिजतात. पीठ एकच."

कन्येने थोडा विचार केला. "हो. आणि पाकिटावर ताटली लिहिलेली नसते."

आतापर्यंत सासूबाई गप्प होत्या. त्यांचं माहेर पेठकडचं, सागाच्या जंगलातलं. मेपल हे सगळ्यात कठीण लाकडांपैकी आहे असं कन्या बोलून गेली आणि त्यांनी जपमाळ खाली ठेवली. "सागाच्या वर लाकूड नाही." इथे ओझरवाल्या काकांनी गप्प बसायला हवं होतं. पण तपासणी खात्यातल्या माणसाला गप्प बसता आलं असतं तर तो तपासणी खात्यात गेला नसता. लाकडाचा कठीणपणा मोजायची जान्का नावाची एक चाचणी आहे, काका सांगू लागले. ११.२८ मिलीमीटरची पोलादी गोळी लाकडात निम्मी रुतेपर्यंत दाबायची आणि किती जोर लागला ते लिहायचं. उत्तर अमेरिकेतल्या शुगर मेपलला साडेसहाशे किलोच्या आसपास जोर लागतो. सागाला पाचशेच्या आसपास. तिकडची थंडी, छोटा उन्हाळा, झाड सावकाश वाढतं. बास्केटबॉलच्या मैदानाची फरशीसुद्धा त्याच लाकडाची करतात, आणि त्याच झाडाच्या रसाचा पाक करून पाश्चात्त्य लोक धिरड्यांवर ओततात.

खोलीत शांतता पसरली. पेठच्या जंगलाचा असा जाहीर पराभव आमच्या दिवाणखान्यात कधी झाला नव्हता. सासूबाईंनी जपमाळ परत उचलली. "मग म्हणावं त्यांना, देव्हारा मेपलचा करा. वाळवी लागली की कळेल."

काकांनी हे मान्य केलं. सागाला वाळवी सहसा शिवत नाही आणि मेपलला तिचं काही वावडं नाही. सामना बरोबरीत सुटला.

मला मात्र वेगळाच प्रश्न पडला होता. आपण ज्या 'अमेरिकन' डेकच्या तुलनेत याला नावं ठेवतोय तो तरी कुठे बनतो? तर त्यातले कितीतरी मेक्सिकोतल्या तिजुआना शहरात दाबले जातात आणि कितीतरी चीनमध्येच. झाड अमेरिका-कॅनडातल्या बर्फातून निघतं, सोलून परदेशी जातं, तिथे दाबलं जातं आणि वर कवटी नाहीतर माकड छापून, अमेरिकेचं नाव घेऊन परत निघतं. आपले डॉक्टर इथे शिकून तिकडे जातात आणि डिसेंबरमध्ये आठवडाभर येतात, तसंच काहीसं. म्हणजे चीनचा डेक वाईट आणि अमेरिकेचा चांगला ही वाटणी करायची सोयच राहत नाही. चीनचा चांगला आणि चीनचा वाईट, एवढंच उरतं. क्रिकेटमध्ये निदान इंग्लिश विलो आणि काश्मीर विलो बॅटच्या अंगावर दिसतात. शिरा मोजून पोरं भाव पाडतात. डेकच्या शिरा ड्रॅगनखाली झाकलेल्या.

स्वस्तात नक्की काय वाचवतात तेही कन्येनेच सांगितलं. मेपलच्या जागी तिकडचंच जवळपासचं मऊ लाकूड. बाहेरचे दोन थर मेपलचे आणि आत पॉपलर, म्हणजे आपल्याकडे वधूपरीक्षेच्या वेळी दिवाणखान्याला रंग देतात आणि मागची खोली तशीच ठेवतात, त्यातला प्रकार. गोंद पातळ. आणि सगळ्यात मोठी बचत वेळेची: साच्यातून काढलं की सुकू न देता भोकं पाडायची, रंग द्यायचा आणि खोक्यात भरायचं. लोणचं मुरायच्या आत बरणी विकायला काढली तर काय होतं ते आपल्याला माहीत आहे.

वरच्या मजल्यावर फर्निचरचं काम चालू होतं. तिथला मिस्त्री ड्रिल मागायला खाली आला आणि आम्ही सगळे त्या फळीभोवती बसलेले बघून थबकला. जोधपूरकडचा माणूस, नाशकात वीस वर्षं झाली. मराठी फर्डं. त्याने डेक हातात घेतला, एक डोळा मिटून कडेवरून लांबवर नजर टाकली, उलटा केला, आमच्या ओट्याच्या ग्रॅनाइटवर ठेवून चारी बाजूंनी बोट दाबलं. डुगडुगला नाही. मग नखाने कड खरवडून वास घेतला.

"ताई, हे प्लायवूड आहे."

कुणीच काही बोललं नाही. एका अर्थाने तिथे तासभर बसलेल्या सगळ्या तज्ज्ञांना हे माहीत होतं. पण इतक्या उघडपणे बोलून दाखवायची गरज नव्हती.

"केवढ्याला आणलं?"

मी सांगितलं. तो हळहळला. एवढ्यात ७१० चं मरीन प्लाय लावून दिलं असतं म्हणाला, अठरा एमएम, वर सनमायका, कडेला पट्टी. मरीन प्लाय म्हणजे साधंसुधं नव्हे. भारतीय मानकाप्रमाणे त्याचा तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात आणि तरी थर सुटता कामा नयेत. ओझरवाल्या काकांचे डोळे चमकले. त्यांची नजर आमच्या मोठ्या पातेल्याकडे गेली. मी तत्परतेने ते पातेलं आत नेऊन ठेवलं.

मिस्त्री शब्दाचा पक्का. तीन दिवसांनी वरच्या घरातल्या उरलेल्या प्लायमधून त्याने खरोखरच एक डेक करून आणला. अक्रोडाच्या रंगाची सनमायका, कडेला पांढरी पट्टी, कोपरे गोल केलेले, आणि खाली खुर्चीची चार गरगरती चाकं बसवलेली. "ही कुठल्याही दिशेला जातात," तो अभिमानाने म्हणाला, आणि ते खरंच होतं, कारण कन्या त्यावर उभी राहिल्याबरोबर ती चारी दिशांना एकाच वेळी गेली. अठरा एमएम मरीन प्लायला वळण नाही, लवचीकपणा नाही, आणि वजन असं की कन्येने उडी मारली तेव्हा फक्त कन्याच वर गेली. पण ती फळी वाया गेली नाही. सध्या ती आमच्या गॅस सिलिंडरखाली आहे. भरलेला सिलिंडर तीसेक किलोचा, रोजची ढकलाढकल, खाली पाणी सांडतं, भाजीचा रस सांडतो, तरी एक पापुद्रा सुटलेला नाही. स्वयंपाकघरात आलेल्या प्रत्येक बाईने ती कुठून घेतली म्हणून विचारलंय.

त्या रविवारी मिस्त्री ड्रिल घेऊन वर गेल्यावर सासूबाईंनी हात पुढे केला. "आण इकडे." कन्येने डेक दिला. त्यांनी बोटाचं पेर वाकवलं, मधोमध एकदा, दोन्ही टोकांवर एकेकदा टक् टक् केलं. डोळे मिटले.

"मधे बरं आहे. ह्या शेपटाकडे जरा बद्द आहे."

कन्या बघतच राहिली. मग तिने डेक घेतला, दोन बोटांत सैल धरून त्याचं शेपूट फरशीवर आपटलं, पुन्हा दुसरं टोक आपटलं. "आजी बरोबर सांगतेय. पॉप कमी आहे."

हा जो पॉप, त्यावर सगळा खेळ उभा आहे. १९७० च्या दशकाच्या शेवटी फ्लोरिडातल्या ॲलन गेलफंड नावाच्या पोराने हात न लावता बोर्डासकट हवेत जायची युक्ती काढली. त्याचं टोपणनाव 'ऑली', म्हणून उडीही ऑली. पुढे रॉडनी मलनने तीच सपाट जमिनीवर करून दाखवली. मागच्या पायाने शेपूट जमिनीवर सपकन आपटायचं, ते उसळतं, आणि पुढच्या पायाने बोर्ड वर ओढून घ्यायचा. म्हणजे फळी वाजली तर उडते. बद्द असेल तर जो जोर लाकडाने परत द्यायचा तो आतल्या आत जिरतो. थोडक्यात, सासूबाई तांब्याच्या हंड्याचं जे करत आल्या तेच कॅलिफोर्नियातली पोरं दुकानात डेकचं करतात. फक्त त्यांना ते करताना कुणी 'सूनबाईला शिकवा' म्हणत नाही.

इथे आमच्या गल्लीबद्दल चार शब्द सांगायला हवेत. स्केटबोर्डची चाकं बावन्न-चोपन्न मिलीमीटरची, म्हणजे लिंबाएवढी. रस्त्यात हरभऱ्याएवढा खडा आला तरी बोर्ड थांबतो. पोरगी थांबत नाही. आमच्या गल्लीत हरभरे नव्हते, नारळ मावतील असे खड्डे होते. पण २०२७ चा सिंहस्थ जवळ आला आणि त्या निमित्ताने गल्लीवरही काँक्रीट पडलं. गुळगुळीत, लांबलचक, मधे एकही गतिरोधक नाही. बारा वर्षांनी गुरू सिंह राशीत येतो तो साधूंच्या स्नानासाठी अशी आमची समजूत होती. कन्येच्या मते तो शेपूट आपटण्यासाठी येतो. संध्याकाळी सहा ते साडेसात गल्लीतून फटाक, फटाक असा आवाज यायला लागला. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी पहिले दोन दिवस दिवाळी लवकर आल्याची तक्रार केली, मग तेही खुर्ची टाकून बघायला बसू लागले.

जुलै गेला. नाशिकचा पाऊस मुंबईसारखा कोसळत नाही. तो दिवसभर घरात येऊन बसतो. पापड सादळतात, मीठ पाझरतं, दरवाजे फुगून चौकटीत अडकतात. डेक कन्या गॅलरीत ठेवायची. कितीदा सांगितलं. ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी पाऊस उघडला, कन्या खाली गेली आणि फटाक सुरू झालं. सासूबाई आत वाल सोलत बसल्या होत्या. चार-पाच आवाज झाले, त्यांनी वाल बाजूला ठेवले आणि खिडकीतून ओरडल्या, "अगं, आज तुझं फळकूट बद्द वाजतंय!"

"काही नाही आजी, ठीक आहे!"

चार दिवसांनी शेपटाकडून पहिला पापुद्रा सुटला. मग दुसरा. आठवड्याभरात ते टोक खारी बिस्किटासारखं झालं, थर थर वेगळे. कन्येने ते हातात धरून दाखवलं तेव्हा ड्रॅगनची फक्त एक ज्वाळा शिल्लक होती, तीही रेषेबाहेरची.

रविवारी सगळे परत जमले. भाऊजी म्हणाले, ठसा सरकलेला होता तेव्हाच कळायला हवं होतं. काकांनी आठव्या भोकाची आठवण करून दिली, आणि खरंतर त्या भोकाचा याच्याशी काही संबंध नव्हता, पण एवढ्या वर्षांच्या नोकरीनंतर माणसाला आपल्या अर्ध्या मिलीमीटरचा अभिमान असतोच. मिस्त्रीने निरोप पाठवला, सनमायका लावायला हवी होती. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्या जिंकल्या की बोलत नाहीत.

मी कन्येला समजावायला गेले, की बघ, स्वस्तात घेतलं म्हणून दोन महिन्यांत गेलं. तर ती शांतपणे म्हणाली, "महागाचाही जातो आई. रोज खेळणाऱ्यांचा दोन-तीन महिन्यांतच जातो. शेपूट घासून घासून सुरीसारखं धारदार होतं, नाहीतर मधोमध तुटतो."

"मग फरक काय?"

"चांगला असतो तो शेवटपर्यंत वाजतो आणि एक दिवस कडाडकन मोडतो. हा आधी आजारी पडला."

हे ऐकून घर हादरलं. ज्या घरात चाळीस वर्षांपूर्वीच्या रुखवतातलं भांडं 'नवं' समजलं जातं, तिथे पाच-साडेपाच हजारांची वस्तू मोडण्यासाठीच विकत घेतात ही कल्पना पचायला वेळ लागला. नवऱ्याने पाठकोऱ्या कागदावर हिशोब मांडला: १,४५० भागिले साठ दिवस, दिवसाला चोवीस रुपये. एका मिसळीच्या पावभरही नाही. मग महागड्याचा हिशोब मांडला आणि कागद घडी घालून खिशात ठेवला. सासूबाई बराच वेळ विचार करत होत्या. शेवटी म्हणाल्या, "मग हे भांडं नव्हे गं. ही वहाण आहे."

वहाण झिजतेच, झिजलेली वहाण बघून पायाचा मालक किती चालला ते कळतं, आणि वहाणेवर खर्च केला म्हणून कुणी रडत नाही. एका वाक्यात डेक भांड्यांच्या फळीवरून चपलांच्या मांडणीत गेला आणि दुसरा घ्यायची परवानगी मिळाली. अट एकच. या वेळी वाजवून घ्यायचा.

आता फोनवरून येणारी वस्तू वाजवायची कशी? कन्येनेच उपाय काढला. पुण्यात एक मुलगा घरच्या घरी डेक विकतो, काही नावाजलेले, काही नुसते कोरे, ड्रॅगनबिगन काही नाही. तिने त्याला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन आजीच्या हातात दिला. पलीकडे विशी-बाविशीचा पोरगा, केस डोळ्यांवर. त्याला वाटलं चुकून लागला.

"नमस्कार आजी."

"नमस्कार बाळा. तुझ्याकडे फळ्या किती आहेत?"

"आता चार आहेत, आजी."

"एकेक फरशीवर आपट. शेपटाकडून. मधे बोलू नकोस."

सासूबाईंनी कानातलं मशीन नीट बसवलं, टीव्ही बंद करायला लावला, पंखासुद्धा. पोराने चार डेक ओळीने मांडले. पहिला आपटला. दुसरा. तिसरा. चौथा.

"तिसरा परत."

त्याने तिसरा परत आपटला.

"आता पहिला परत."

त्याने पहिला आपटला. सासूबाईंनी डोळे उघडले. "तिसरा दे."

पोरगा जरा घुटमळला. "आजी, तिसरा चीनचा आहे. कोरा. सगळ्यात स्वस्त आहे तो. पहिला बघा ना, ओरिजिनल अमेरिकन ब्रँड, साडेपाच हजारांचा."

"तो बद्द आहे," सासूबाई म्हणाल्या. "तो त्यांना परत पाठव. आणि काय रे, तू जेवलास का?"